चोवीसची बेरीज

बोरामणीच्या माळावर सकाळी नऊलाच
पोकलेनच्या पत्र्याला हात लावता येत नाही.
उटगे सुपरवायझर छत्रीखालून म्हणाला,
"चार महिन्यांत तिसरा जोड हाय बॅटऱ्यांचा.
आता तूच बघ."

तूच म्हणजे मी. सोलापुरातून स्कूटीवर,
पायाशी मीटर, डिकीत पाने आणि पॉलिश पेपर,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी.
बाई मिस्त्री बघून पोरं आधी हसतात,
मग लांब उभं राहून शिकतात.

चिप्पा मास्तर सांगायचे,
मीटर खोटं बोलत नाही गं,
पण विचारलं तेवढंच सांगतं.

विचारलं. दोन्ही मिळून तेवीस पूर्णांक नऊ.
वाईट नाही. चावी फिरवली:
टक्.
आणि डॅशबोर्डवरचे दिवे डोळे मिटल्यासारखे.

एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक चॅसीला,
"मार परत," म्हटलं दस्तगीरला.
दीड व्होल्ट मधल्यामध्ये गायब.
कुणा साहेबाच्या भेटीआधी
मशीनला पिवळा रंग मारला होता नवाकोरा,
बोल्टाखालीसुद्धा,
आणि त्या रंगावरच वायर कसलेली.
आमच्या धंद्यात अर्थ लागत नाही म्हणतात ते हे.
घासलं, पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं.
पोकलेन कण्हत उठली.

अल्टरनेटर सत्तावीस आठ. चोख.
आधीचे मिस्त्री इथवर येऊन
चहा पिऊन परत गेले असणार.
उटगे पाकीट काढतच होता.

पण रंग एक महिन्याचा, बॅटऱ्या चार महिने मरतायत.

मग एकेकीला वेगळं विचारलं.
डावी: चौदा नऊ.
उजवी: बारा नऊ.
बेरीज बरोबर. बेरजेला काय,
एक अजीर्णानं फुगलेली, झाकणातून सडक्या अंड्याचा वास,
शेजारची उपाशी,
तरी बेरीज बरोबरच येते.

उजवीच्या प्लसवर एक बारीक लाल वायर
कंपनीच्या कुठल्याच नकाशात नसलेली.
तिच्या मागं मागं गेले,
चादरीतला सुटलेला धागा धरून जावं तशी:
पायदानाखालून, सीटच्या मागून, दोन ठिकाणी
जखमेची चिकटपट्टी लावलेली,
आणि वर, काचेच्या कोपऱ्यात
वीतभर पंखा. एक पातं टेपनं सांधलेलं.
खाली घडी केलेली गोधडी,
चौथीचं भूगोलाचं पुस्तक.

दस्तगीर नदाफ खाली बघत म्हणाला,
"पोरीची आई सिव्हिलला हाय, ताई. दोन महिने झाले.
रात्री कॅबिनमध्येच निजते माझ्याजवळ.
बारा व्होल्टचा पंखा, चोवीसवर जळला असता की.
म्हणून एकीवरनंच घेतली.
तेवढ्यानं काय होतंय मशीनला?"

मी मनात हिशेब केला. दीड अँपिअर, रात्रीचे दहा तास.
पंधरा. रोज पंधरा, त्याच एकीकडून.
होतंय.
पण ते त्याला कसं सांगायचं,
वाऱ्याचंही नाव नसलेल्या माळावर, मे महिन्यात.

लाल वायर काढली. स्कूटीच्या डिकीत
दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आणलेला डबा होता,
चोवीस घेऊन बारा देणारा, दोघींकडून सारखं घेणारा.
तो सीटखाली बसवला, फ्यूजसकट.

उटगेनं बिल वाचलं बोटानं.
अर्थ साफ. डावीत पाणी. डबा एक, नऊशे.
"हे कशाला?"
"मशीनला लागतंय," म्हटलं.
त्यानं सही केली. विचारलं नाही,
मीही विचारलं तेवढंच सांगितलं.

जेवायला पोकलेनच्या सावलीत बसले.
वर पंखा सुरू करून बघत होता कोणी,
टेपचं पातं दर फेऱ्याला टिक् करत होतं.
उजवी सावरेल की नाही, माहीत नाही.
पुढच्या बुधवारी येते म्हटलंय,
दोघींना वेगवेगळं विचारायला.